दुसऱ्या अंकाची तयारी

मित्रहो, नवं मासिक काढायचं म्हटलं की आपल्याकडे आधी नावावर चर्चा होते, मग मुखपृष्ठावर. पैशाचा विषय कुणीतरी चहा संपत आल्यावर काढतो. आलेल्या कथा वाचणार कोण, हे मात्र त्या बैठकीत निघतच नाही. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा आणि त्याच जातकुळीतली कविता यांचं छोटं नियतकालिक तुम्ही काढणार असाल, तर माझं एवढंच म्हणणं आहे की ते संपादन करण्यासाठी काढा. नुसतं छापायचं असेल, तर आता कुणाला कोण अडवतंय?

या कथेला मराठीत कधी थाराच नव्हता, ही तक्रार मला पटत नाही. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकात गूढ आणि अद्भुत हक्काने नांदत होतं. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांना वाचकांची कधी वानवा पडली नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि पुढे तिने विज्ञानकथा स्पर्धा घेतल्या. १९७४च्या स्पर्धेचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. हा किस्सा आपण नारळीकरांच्या कौतुकासाठी सांगतो, पण मला त्यातले परीक्षक जास्त आवडतात. समोरचा माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे कथा वाचण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. तुम्हीही तेच करा. एकाने टपाल आणि मेल सांभाळायचे, नावं काढून कथा पुढे द्यायच्या, बाकीच्यांनी फक्त मजकूर वाचायचा. आपलं साहित्यिक वर्तुळ एवढंसं आहे, की नाव दिसलं की त्यामागचं अख्खं गोत्र दिसतं.

मग अडतं कुठे? स्पर्धेत बक्षीस मिळतं आणि विषय संपतो. उरतो दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने ही प्रथा पाडली आणि तिने मराठी कथेला जगवलं, हे मान्यच. पण वर्षाच्या त्या एका हंगामात संपादकापुढे मजकुराचा ढीग असतो आणि छापखाना घाई करत असतो. कथा परत पाठवून ‘हे पुन्हा लिहा’ म्हणायला सवड कुणाला? लेखकाची पहिली कथा जशीच्या तशी छापली जाते. दुसरीही तशीच. दोघींत दोष तेच.

त्यातला एक दोष तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. प्राध्यापक दीड पान समजावून सांगतात, आणि मध्ये पुतण्या विचारतो, “म्हणजे काय, काका?” विज्ञानाचा प्रसार करण्याची जबाबदारी घेऊन ही कथा आपल्याकडे वाढली, आणि तिच्या हातातला खडू अजून सुटलेला नाही. समजा, तुमच्याकडे २०९० सालच्या इचलकरंजीची कथा आली. पंचगंगेचं पाणी रेशनवर मिळतंय. लेखकाने टंचाईची कारणं दोन परिच्छेदांत नीट मांडली आहेत. मी समासात लिहीन: दोन्ही परिच्छेद काढा. दुकानदार कार्डावर नोंद कशी करतो, मापात कितीने मारतो, रांगेतली बाई हे बघूनही गप्प का राहते, ते लिहा. एवढं सांगायला संपादकाला एक संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ छोट्या मासिकाकडेच असते.

कवितेबद्दल माझा हट्ट आहे. कथा संपल्यावर पान रिकामं दिसतं म्हणून कविता घालू नका, तिला स्वतःचं पान द्या. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या कवींनी पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारं मासिक, काढलं, ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून स्वस्तात प्रती काढून. पुढे अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं. पैशाच्या नावाने ठणठणाट असला, तरी काय आवडतं आणि काय नाही हे त्यांनी लपवलं नाही. ही अनियतकालिकं अल्पायुषी ठरली. ठरू देत. मासिकाने शंभर वर्षं जगावं असं कुठे लिहिलंय?

माणसं किती हवीत? ब्रिटनमध्ये १९८२ साली ‘इंटरझोन’ हे विज्ञानकथांचं नियतकालिक आठ जणांच्या गटाने सुरू केलं, आणि काही वर्षांत ते एकाच संपादकाकडे आलं. माझ्या मते तिघं पुरेत. शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा.

छपाईचं थोडक्यात सांगतो. सोळा पानांचे चार फर्मे म्हणजे ६४ पानं. ए-५ आकार, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, २५० जीएसएमचं मुखपृष्ठ, मधोमध पिना. असा अंक साधारण ८६ ग्रॅम भरतो. स्पीड पोस्टाचा पहिला टप्पा ५० ग्रॅमचा असल्याने तो ओलांडणारच. मग त्या पुढच्या टप्प्याचे पैसे भरतोच आहोत, तर एका पाकिटात दोन अंक पाठवा. पाकिटासकट दोन्ही मिळून त्या टप्प्याच्या २५० ग्रॅमच्या आत राहतात. एक वर्गणीदाराला, दुसरा त्याने कुणाला तरी द्यायला. जाहिरातीवर याहून स्वस्तात खर्च होत नाही. कायद्याचंही बघून घ्या: १८६७चा जुना कायदा जाऊन २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला आहे, आणि नोंदणी ऑनलाइन होते.

यंत्राने, म्हणजे एआयने, लिहिलेल्या कथा येणार, हे गृहीत धरा. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकावर फेब्रुवारी २०२३मध्ये अशा कथांचा इतका मारा झाला, की त्यांना काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं. तुम्ही सरळ वर्षातून दोनदा, महिनाभरच कथा मागवा. वाचून होतील तेवढ्याच घ्या.

मानधन द्या. पाचशे रुपये असले तरी द्या, आणि अंक निघायच्या आधी द्या. कवीलाही. नकार कळवताना दोन ओळी कारण लिहा, कारण तुमचा दुसरा अंक त्या नकार मिळालेल्यांमधूनच उभा राहणार आहे. म्हणून पहिला अंक छापायला सोडताना दुसऱ्याचा निम्मा मजकूर संपादित होऊन हाताशी असू द्या. तो नसेल, तर छापखान्याला अजून महिनाभर थांबायला सांगा.