पिकअपच्या चाकांतील मापाचा फरक

मंडळी, जुन्नर-नारायणगाव भागातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअपचे अनेक मालक आणि चालक आज येथे आले आहेत, म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे: एका गाडीला दोन मापांचे टायर लावले असता गाडीच्या आत नेमके काय होते.

टायरवर 215/75 आर 15 असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमधला, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूला आहे ते सांगणारा, आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा इंचांतला. या हिशेबाने या टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर भरतो, आणि 235/75 आर 15 चा सुमारे 733. रिम तेच असल्याने दोन्ही बसतात, आणि फसगत तिथेच होते. तीन सेंटिमीटरचा फरक नजरेत भरत नाही. पण कागदावरच्या मापाने एका किलोमीटरला लहान टायर सुमारे 452 फेरे घेतो आणि मोठा 434.

आता हे दोन टायर मागच्या एकाच अॅक्सलवर आहेत असे धरा. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद देऊन त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा डबा. त्यातले छोटे स्टार गिअर वळणावर फिरण्यासाठी असतात. सरळ रस्त्यावर ते जवळजवळ स्थिर राहावेत, अशीच त्यांची रचना आहे. इथे मात्र सरळ रस्त्यावरही, दीड टन मालाच्या भाराखाली, त्यांना अखंड फिरावे लागते, वॉशर झिजतात, तेल तापते. अनेकदा दोष क्राउन-पिनियनला, म्हणजे शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या गिअरच्या जोडीला, दिला जातो, टायरकडे कोणी पाहतही नाही.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत पुढची जोडी एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची असेल, तर प्रश्न याहून गंभीर आहे. साध्या, लिव्हरने लागणाऱ्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. चिखलात टायर घसरून फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागाच नसते, म्हणून शाफ्टला पीळ बसत जातो आणि लिव्हर परत टू-व्हीलवर येत नाही. अशा गाडीला चारही टायर एकाच मापाचे असलेच पाहिजेत, यात मला तडजोड मान्य नाही.

छापील माप सारखे असले तरी खात्री करावी, कारण 8 मिलिमीटर नक्षीचा नवा टायर आणि 2 मिलिमीटर उरलेला जुना यांच्या व्यासात 12 मिलिमीटरचा फरक असतो. हवा सारखी भरून टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी हळूच ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करावा आणि ते अंतर टेपने मोजावे. रेडियल आणि नायलॉन या दोन वेगळ्या बांधणीचे टायर तर एका अॅक्सलवर कधीच एकत्र लावू नयेत.

राहता राहिली वेगळ्या मापाची स्टेपनी. टू-व्हील ड्राइव्ह पिकअपचे मागचे चाक पंक्चर झाले, तर पुढचे एक चाक काढून मागे लावावे आणि स्टेपनी पुढे बसवावी, म्हणजे डिफरन्शियल वाचते. स्टिअरिंग एका बाजूला ओढेल, ब्रेकही सारखे लागणार नाहीत, म्हणून घाट टाळून सावकाश जवळचे पंक्चरचे दुकान गाठावे आणि मूळ चाके तिथेच आपापल्या जागी बसवून घ्यावीत.