हजेरीपट मोठ्याने वाचला तेव्हा

मित्रहो, भ्रष्टाचाराविरुद्ध लोक उठले म्हटलं की मैदान, घोषणा, उपोषणाचा मंडप असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. मला आज एका साध्या सभेबद्दल सांगायचं आहे. डिसेंबर १९९४. राजस्थानातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने, म्हणजे तिथल्या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेने, पहिली जनसुनावणी भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. अशा सुनावण्यांतून पुढे काय काय निघालं! मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली. कधीच गाव सोडून गेलेले लोक कागदावर खडी फोडत होते.

यातलं मर्म पाहा. कार्यालयात बसलेला लेखापरीक्षक कागद कागदाशी ताडून पाहतो, आणि खोटा हिशेब तर जुळवूनच लिहिलेला असतो. पण अमुक माणूस त्या महिन्यात कामावर होता का, हे त्याच्या शेजारणीला ठाऊक असतं. तिला अक्षरओळख नसेल, तरी त्या ओळीची तपासणी तिच्याइतकी चोख दुसरं कुणी करू शकत नाही. फक्त तो कागद तिच्यापर्यंत पोचायला हवा. अधिकारी नकला देईनात, म्हणून १९९६ मध्ये राजस्थानातल्याच ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं धरलं गेलं. माहिती अधिकाराचा २००५ चा केंद्रीय कायदा अशा आंदोलनांतून आला. मजुरांच्या थकलेल्या आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता, हे आपण फार लवकर विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

पण लोकांना बोलावलं की चोरी थांबते, असं मी म्हणणार नाही. इंडोनेशियात सहाशेहून अधिक गावांच्या रस्त्यांवर एक प्रयोग झाला. बेन्जामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने रस्ते खणून आत किती माल पडला ते मोजलं. सरकारी तपासणी नक्की होणार असं आधी कळवलं, तिथे गळती खर्चाच्या शंभर रुपयांमागे सुमारे आठ रुपयांनी घटली. गावकऱ्यांना हिशेबाच्या बैठकीला आग्रहाने बोलावलं, तिथे एकूण फरक नगण्य. मात्र मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली नाही. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. कोण कामावर होतं ते गावाला दिसतं, रस्त्याच्या पोटात किती खडी आहे ते दिसत नाही. तिथे संघटनेपाशी अभियंता लागतो, आणि पलीकडे दंड करू शकणारी यंत्रणा लागते. ती यंत्रणा झोपली तर जनसुनावणीत उघड झालेली चोरी उघडच राहते, वसुली होत नाही.

आणि जिवाची गोष्ट. जनसुनावणीत सगळं गाव मिळून विचारतं. माहिती अधिकाराच्या अर्जावर मात्र एकाच माणसाचं नाव आणि पत्ता असतो. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमीन व्यवहार खणून काढत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. तो लागू करणारी अधिसूचना मात्र पुढे वर्षानुवर्षं निघाली नाही.