दारू सोडताना पहिले चार दिवस

(तालुक्याच्या ठिकाणी आशा कार्यकर्त्या, बचत गटांच्या सभासद आणि गावकरी यांच्यासमोर एका मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार.

आषाढ संपत आलाय. अमावस्येला गटारी होईल आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की आपल्या भागातली कितीतरी माणसं दारू बंद करतील. कुणी देवाला शब्द दिलाय म्हणून, कुणी आईने डोळ्यांत पाणी आणलं म्हणून, कुणाला माळ घालायची आहे म्हणून. महिनाभर का होईना, घरात बाटली नाही याचं घरच्या बाईला किती समाधान असतं ते मी जाणतो. यातल्या बहुतेकांना काही त्रास होणार नाही. पण काही जणांना होईल. दरवर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात. दोन दिवसांपूर्वी दारू सोडलेली असते, काल रात्री फिट आलेली असते आणि आज बायकोला ओळखत नसतात. चांगल्या हेतूने सोडायला निघालेला माणूस मरणाच्या दारात जातो आणि घरच्यांना कळतच नाही की हे कशाने झालं.

सोडू नका असं सांगायला मी आलेलो नाही. सोडाच. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालंय, त्याने ती एका रात्रीत, डॉक्टरांना न सांगता, घरच्या घरी बंद करू नये. सोडायचं की नाही हे त्याने आणि घरच्यांनी ठरवायचं. पहिले चार-पाच दिवस कसे काढायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता शरीर अवलंबून झालंय हे ओळखायचं कसं? किती पितो हे विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. म्हणून मी घरच्यांना विचारतो, सकाळी काय होतं? चहाचा कप उचलताना बशीत सांडतो का? दात घासताना कोरडे उमासे येतात का? पंख्याखाली बसूनही घाम येतो का? आणि चपटीतले दोन घोट पोटात गेले की हात स्थिर होतो का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. लोकांना वाटतं, दारूने हात थरथरतात. हात थरथरतात ते दारू उतरल्यामुळे, म्हणून तर प्यायल्यावर थांबतात.

असं का होतं? दारू मेंदूला शांत करते, मंद करते. पण मेंदूला जागं राहायचं असतं. रोज दारू त्याला खाली ओढते, म्हणून तोही रोज उलट्या बाजूने जोर लावतो. शांत करणाऱ्या रसायनांचा परिणाम तो कमी करून घेतो, चेतवणाऱ्यांचा वाढवतो. वर्षानुवर्षं ही रस्सीखेच चालते आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा झालेला असतो. मग एके दिवशी दारूने दोर सोडला की काय होणार? पलीकडचा सगळा जोर एकदम सुटतो. नाडी धावते, रक्तदाब चढतो, अंग थरथरतं, झोप उडते. मेंदूला पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात. हे दिवस धोक्याचे.

त्याला साधारण घड्याळ आहे, ते लक्षात ठेवा. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आधी कधी न आलेल्या माणसालाही. त्याच सुमारास कुणाला आवाज ऐकू येतात, भिंतीवर किडे दिसतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे अंग थरथरतं, भान हरपतं आणि माणूस भ्रमात जातो. आम्ही त्याला डीटी म्हणतो. अवलंबून असलेल्या शंभरातल्या तीन ते पाच जणांना तो होतो, पण होतो तेव्हा जीवावरचा असतो. पूर्वी, नीट औषधं नसताना, शंभरातले पस्तीसपर्यंत दगावत. आज वेळेवर उपचार मिळाले तर तो आकडा पाचाच्या आत आहे. हा एवढा फरक वेळेवर आणण्याने पडतो.

डीटी कसा दिसतो? एसटीतल्या एका कंडक्टरांचं सांगतो. मांडीचं हाड मोडलं म्हणून ते एका रुग्णालयात दाखल झाले होते. दोन दिवस शांत होते. तिसऱ्या रात्री उठून बसायला लागले. वजन लावलेला पाय, पण भान नाही. डाव्या हाताने हवेतून काहीतरी ओढून काढायचे, उजव्या हाताने दाबल्यासारखं करायचे आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणायचे, “सुट्टे द्या, पुढे सरका.” रात्रभर तिकिटं फाडत होते. असं पुष्कळदा होतं. जन्मभर जे काम केलं ते हात करत राहतात. शिंपी सुईत दोरा ओवतो, गवंडी थापीने गिलावा ओढतो. अंग तापाने फणफणलेलं, घामाने चादर ओली, दिवस की रात्र कळत नाही. त्या कंडक्टरांच्या बायकोने भरतीच्या वेळी ‘दारू पितात का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं होतं. चारचौघांत, सासरच्या माणसांसमोर विचारलं होतं हो, काय सांगणार ती? मी तिला दोष देत नाही. असा प्रश्न आम्ही डॉक्टरांनी बाजूला घेऊन विचारायला हवा. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, कुठल्याही कारणाने, अपघात असो की ऑपरेशन, माणूस रुग्णालयात दाखल झाला की त्याची दारू आपोआप बंद होते. तेव्हा खरं सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर आवर्जून सांगा.

अशा वेळी घरात कुणीतरी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋष्याकडे न्या. तुमच्या श्रद्धेबद्दल मला वाद घालायचा नाही. पण ज्याने दोन-तीन दिवसांपूर्वी दारू सोडली आणि आता जो नसलेल्या माणसांशी बोलतोय, त्याला आधी रुग्णालयात आणा. अंगारा नंतरही लावता येईल.

पूर्वी डॉक्टरांमध्येही वाद होता. बऱ्याच जणांना वाटे की दारुडे जेवत नाहीत, कुपोषणामुळे हे होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा पुरुषांना उत्तम आहार आणि जीवनसत्त्वं देऊन रोज भरपूर दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. त्यातल्या ज्या सहा जणांनी ४८ ते ८७ दिवस दारू घेतली, त्यांच्यातल्या दोघांना फिट आली, तिघांना डिलिरियम झाला. असा प्रयोग आज कुणी करू धजणार नाही आणि करूही नये. पण प्रश्न मिटला. पोटभर जेवणाऱ्यालाही हे होतं, एकदम बंद केल्यामुळे होतं.

जेवणाचा वेगळा धोका मात्र आहेच, आणि तो आपल्याकडे फार आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, संपत आलेलं असतं. अशक्त झालेल्या माणसाला आपण जवळच्या दवाखान्यात नेतो आणि म्हणतो, “डॉक्टर, एक बाटली लावा.” ग्लुकोजची बाटली लागते. ग्लुकोज वापरायला शरीराला थायामिन लागतं. उरलंसुरलं तेही खर्च होतं आणि मेंदूवर घाला येऊ शकतो. डोळे फिरवता येत नाहीत, तोल जातो, गोंधळ उडतो. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी हा आजार वर्णन केला, त्यांचंच नाव त्याला आहे. वेळेत थायामिनचं इंजेक्शन दिलं तर माणूस वाचतो. राहून गेलं तर कायमची स्मृती जाऊ शकते, सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी आठवत नाही. इंजेक्शन स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं. म्हणून सलाइन लावायच्या आधी एवढं सांगा, “हे रोज पितात, बी-१ आधी द्या.” डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प राहू नका.

बचत गटातल्या भगिनींशी थोडं वेगळं बोलायचंय. तुम्ही गावात मतदान घेऊन बाटली आडवी केलीत, मी तुमच्या बाजूचा आहे. पण दुकानाला कुलूप लागतं त्या आठवड्यात गावातल्या रोज पिणाऱ्यांचं काय होतं, याची तयारी कुणी केलेली नसते. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला, ४ मेपर्यंत दारूची दुकानं बंद होती. त्या दिवसांत फिट आणि डिलिरियमचे पेशंट वाढले. केरळ सरकारने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला तो विरोध योग्य वाटतो, कारण या त्रासावर चांगलं औषध हाताशी असताना बाटली लिहून देणं हा उपचार नव्हे. पण ते औषध गावोगाव पोचवलं कुणी? पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसं गेली. तेव्हा ठराव होईल त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना गावात बोलवा, कुणाकुणाला सकाळी थरथर होते ते आशाताईंना आधीच माहीत असू द्या.

उपचार काय असतो? क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, आणि लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या दारूच्या जागी मेंदूला शांत ठेवतात आणि मग रोज थोड्या थोड्या कमी करत काही दिवसांत बंद करतात. सोबत थायामिन, पाणी, क्षार, झोप. डॉक्टर नाडी, घाम, थरथर पाहून मात्रा ठरवतात. म्हणूनच मेडिकलमधून स्वतःच आणून द्यायच्या या गोळ्या नव्हेत. वर दारू प्यायली तर श्वास बंद पडू शकतो.

सगळ्यांनाच भरती व्हावं लागतं असं नाही. तब्येत बरी आहे, घरात जबाबदार माणूस आहे, रोज डॉक्टरांना दाखवता येतं, तर घरी राहूनही सोडता येते. पण पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, कावीळ, हृदयाचा त्रास, वाढलेली साखर असेल, वय झालं असेल, बाई गरोदर असेल, माणूस एकटा राहत असेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल, तर भरतीच करा. मागच्या श्रावणात काही झालं नाही, आता काय होतंय, असं धरून चालू नका. वारंवार एकदम सोडणाऱ्याला प्रत्येक खेपेला त्रास वाढत जाऊ शकतो. आणि डॉक्टरांपर्यंत पोचायला एक-दोन दिवस लागणार असतील, तर तोवर थरथर होणाऱ्या माणसाला जबरदस्तीने एकदम बंद करायला लावू नका. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण त्याच्या जीवासाठी सांगतो.

फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या वस्तू बाजूला करा, १०८ ला फोन करा. दातात चमचा नको, तोंडात पाणी नको, चप्पल-कांदा हुंगवणं नको.

खाटेला बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं, ‘केंद्रा’त नेऊन मारहाण करणं, हे उपचार नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी जोडलेले विकारही येतात आणि त्या कायद्याने साखळदंड घालायला बंदी आहे. कोंडलेल्या खोलीत फिट आली तर कुणाला कळणार? कुठल्याही केंद्रात भरती करण्याआधी विचारा, पहिल्या आठवड्यात डॉक्टर रोज बघतात का, रात्री नर्स असते का. महाराष्ट्रात चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय.

‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या पुडीत पुष्कळदा काय आहे ते घेणाऱ्याला माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. जाणूनबुजून, संमतीने घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. भाजीत कालवून दिलं तर नवऱ्याचा जीव जाऊ शकतो. बायका हे हतबल होऊन करतात, मला माहीत आहे. करू नका. आमच्याकडे या. तो आला नाही तरी तुम्ही या.

आशाताईंनो, आता तुमच्यासाठी. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, दोन्ही मोफत. पण पेशंटला पाठवताना सोबत एक चिठ्ठी द्या. रोज किती आणि कसली, देशी की हातभट्टी की आणखी काही. याआधी सोडली तेव्हा काय झालं. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. दोन दिवसांत पडला-झडला का, डोक्याला मार लागला का. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, शेवटचा घोट कधी घेतला, वार आणि वेळ. तो आत येताना शुद्धीवर असेल-नसेल, घरचे घाबरलेले असतील. ती वेळ हातात असली की पुढच्या किती तासांत काय होऊ शकतं, हे आम्हाला आधी कळतं आणि औषध आधी सुरू करता येतं.