हर्ड मागे राहिला, लिनक्स पुढे गेला

श्रोतेहो, नमस्कार. आज मी दोन कर्नलविषयी बोलणार आहे. संगणकाचे यंत्र आणि त्यावरील सारे प्रोग्रॅम यांची सांगड घालतो तो कर्नल.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या संपूर्ण मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९० पर्यंत कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे, म्हणजेच कंपाइल करणारे साधन), एडिटर अशी बरीच साधने तयार झाली होती. राहिला होता तो कर्नल, आणि हर्ड या नावाने त्याचे काम हाती घेण्यात आले. आराखडा खरोखर देखणा होता. एकाच मोठ्या कर्नलऐवजी अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना निरोप धाडून काम करणार होते. मात्र त्या निरोपांच्या गुंत्यातली चूक नेमकी कुठे आहे, हे हुडकणे फार जिकिरीचे ठरले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नलची, म्हणजेच लिनक्सची, वार्ता दिली, तीही हा निव्वळ छंद असल्याचे सांगून. जुन्या वळणाचा, म्हणजे एकाच मोठ्या तुकड्याचा, हा कर्नल अपुरा होता, पण ३८६ प्रोसेसरच्या घरगुती संगणकावर चालत होता, आणि माझ्या मते सारे त्यातच आले.

त्याच वर्षअखेरीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकात अवघी दोन मेगाबाइट मेमरी होती आणि तेवढ्यात कर्नल कंपाइल होईना. टॉरवाल्ड्स यांना स्वतःला ही अडचण नव्हती. तरीही नाताळच्या सुट्टीत त्यांनी मेमरीतील मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवण्याची सोय लिहून काढली. अनेकांना मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली छोटी कार्यप्रणाली सोडून लिनक्सकडे यावेसे वाटले, ते या सोयीमुळे. सुरुवातीच्या परवान्यात पैसे घेऊन प्रती देण्यास मनाई होती; १९९२ साली ग्नूचाच परवाना स्वीकारल्यावर तीही अडचण उरली नाही.

मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० आवृत्ती आली. हर्डचे कर्ते कुठेही कमी नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. उणीव होती ती बाहेरच्या माणसाला आज घरी चालवून पाहता येईल, मोडले तर दुरुस्त करून परत पाठवता येईल, अशा वस्तूची. हर्डची ०.९ आवृत्ती २०१६ च्या डिसेंबरात निघाली, आणि मोजके स्वयंसेवक आजही त्यावर निष्ठेने काम करीत आहेत.