सिंटिलेटिंग म्हणजे नेमकं काय? एका ठिणगीची गोष्ट

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतोय. आजचा शब्द सिंटिलेटिंग. क्रिकेट बघणाऱ्यांनी ऐकलाच असणार, कुणी धडाधड फटकेबाजी केली की कॉमेंटेटर हमखास म्हणतात, सिंटिलेटिंग इनिंग्ज! आणि उच्चार आधी पक्का करून घ्या हं, स्पेलिंगमध्ये एससी दिसतं म्हणून स्किंटिलेटिंग म्हणू नका, त्यात क येतच नाही.

अर्थ चमचमणारा, लखलखणारा. मूळ लॅटिनमधलं, सिंटिला म्हणजे ठिणगी. इंग्रजीत हे क्रियापद सतराव्या शतकात आलं. पण खरी मजा पुढेच आहे, कारण हीच ठिणगी त्याच्या आधी फ्रेंचमार्गे वेगळ्याच वेशात इंग्रजीत येऊन बसली होती. झालं काय, लोकांच्या तोंडी सिंटिलातल्या अक्षरांची अदलाबदल झाली, आपण नाही का नुकसानचं नुस्कान करतो, अगदी तस्संच, आणि त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये एस्तेंसेल असा शब्द तयार झाला आणि त्याच्यापासून इंग्रजीत दोन शब्द आले, एक टिन्सेल आणि दुसरा चक्क स्टेन्सिल!

टिन्सेल म्हणजे आज सजावटीच्या चमकदार झिरमिळ्या, पण सुरुवातीला त्याचा अर्थ होता सोन्याचांदीच्या तारा विणलेलं कापड, म्हणजे आपल्या येवल्याच्या पैठणीच्या जरीसारखंच काहीतरी. नुसता वरवरचा भपका हा अर्थ नंतर चिकटला. आणि स्टेन्सिल करणं म्हणजे मुळात चमकदार रंगांनी सजवणं, कापलेला छाप हा अर्थ पुढचा. दिवाळीत मेन रोडला, रविवार कारंजाला चक्कर मारा, एकाच गाड्यावर झिरमिळ्या आणि रांगोळीचे छाप शेजारी शेजारी लटकलेले असतात, दोघं सख्खे भाऊ आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला तर हे कळल्यापासून तिथून नुसतं पुढे जाताच येत नाही.

हा शब्द विज्ञानातही आहे बरं. ताऱ्यांच्या लुकलुकण्याला खगोलशास्त्रात सिंटिलेशन म्हणतात. थंडीत रात्री अंजनेरीच्या बाजूला जाऊन व्याधाचा तारा बघा, क्षितिजाजवळ असताना तो लाल-हिरवा-निळा असा झगमगतो, कारण तिथून येणारा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो आणि गरम-थंड हवेमुळे क्षणोक्षणी वाकत राहतो. गुरू मात्र बऱ्यापैकी स्थिर दिसतो, तो आपल्याला छोट्या चकतीएवढा असतो, तारा नुसता बिंदू.

आणि भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या लॅबमध्ये 1909 मध्ये त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अणूहून बारीक कण आदळून उठणाऱ्या चमका एकेक करून मोजत बसायचे, त्या चमकांचं नावही सिंटिलेशनच, आणि त्या मोजणीतूनच पुढे 1911 मध्ये अणूच्या केंद्रकाची कल्पना आली.

वापरताना एक सांभाळा, घासलेल्या भांड्याला किंवा पुसलेल्या फरशीला सिंटिलेटिंग म्हणत नाहीत, तिथे शायनिंग. गप्पा, भाषण, गाणं, खेळ यात बुद्धीची किंवा कौशल्याची चमक सारखी उडत असेल तर बिनधास्त वापरा.