कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'अवजड मशिनरीतले सेन्सर सर्किटचे दोष', आणि तो मी सांगणारच आहे, पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे ते बाहेर काढतो. मशीनच्या डिस्प्लेवर दोषाचा कोड आला की आपल्याकडे पहिला फोन जातो पार्टच्या दुकानात. अरे, चोरीच्या तक्रारीत घराचा पत्ता असतो म्हणून घरमालकालाच आत टाकता काय? कोड सर्किटचं नाव सांगतो. त्या सर्किटात सेन्सर असतो, प्लग असतो, आठ-दहा फूट वायर असते, अर्थची म्हणजे बॉडीला जोडलेली वायर असते, कंट्रोलर म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर असतो. त्यातला गुन्हेगार आपणच शोधायचा.

समोर बरेच जण खाणीवरचे दिसतायत, काही हायवेच्या कामावरचे, त्यामुळे पोकलेन म्हणजे काय नि हार्नेस म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कोडात दोन आकडे असतात, एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो कुठे, दुसरा सांगतो काय झालंय. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंट टेम्परेचर. आपली पोरं पहिलाच वाचतात! अहो, १०० च्या पुढे १ आलाय की ४, यात जमीन-अस्मानाचा फरक. १ असेल तर कंट्रोलर म्हणतोय की रीडिंग पटण्यासारखं आहे आणि प्रेशर खरंच पडलंय, तिथे वायरी चाचपत बसायचं नाही, इंजिन बंद करायचं, तेल बघायचं, मेकॅनिकल गेज लावायचा. ४ असेल तर सिग्नलचा व्होल्टेज इतका खाली गेलाय की कंट्रोलरचा त्याच्यावर विश्वासच नाही. तिथे आधी वायरिंग.

आता गोष्ट. पेडण्याकडे एका कॉन्ट्रॅक्टरचं पोकलेन होतं, नाव घेत नाही, त्याचा भाचा इथे बसलेला असेल तर उगाच पंचाईत. ऐन पावसाळा. ऑइल प्रेशर, फ्युएल प्रेशर, बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचं प्रेशर, तिन्हीचे कोड एकदम आणि तिन्हीच्या पुढे ४. मशीनने पॉवर कमी केली, बकेट उचलेना. मेकॅनिक आला, ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला, कोड तसाच. मग बूस्टचा बदलला, तसाच. मग तो गंभीर चेहरा करून म्हणाला, कंट्रोलर गेला. हा गंभीर चेहरा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, त्याची किंमत लाखात असते. डंपर रांगेत, ऑपरेटर केबिनमध्ये पेपरातलं कोडं सोडवतोय, आणि रात्री मालकाचा मला फोन, "दादा, तीन सेन्सर एकदम कसे हो गेले?" म्हटलं, एकदम जात नाहीत, हेच तर उत्तर आहे.

सकाळी गेलो, डिस्प्लेचं दुसरं पान उघडलं, तिथे चौथा कोड निवांत बसलेला, ६२०, म्हणजे पाच व्होल्टची सप्लाय. ते पान कुणी उघडलंच नव्हतं. या मशीनवर तिन्ही सेन्सरना एकाच पाच व्होल्टच्या लाइनवरून सप्लाय जाते. की ऑन, इंजिन बंद, मीटर लावला, पाचाच्या जागी अर्धा व्होल्टसुद्धा नाही. मग एकेक प्लग काढत जायचा आणि मीटरकडे बघायचं. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल तर त्याचा प्लग निघताच पाच व्होल्ट परत येतात. इथे सगळे काढले तरी काटा हलेना (डिजिटल मीटरला काटा नसतो हे मलाही माहीत आहे, पण बोलायची सवय). म्हणजे सेन्सर सुटले, वायर अडकली.

हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, हात फिरवत गेलो. मागे कधीतरी स्टार्टर बदलला होता, तेव्हा काढलेली क्लॅम्प परत बसवलीच नव्हती, नुसती प्लास्टिकची टाय मारलेली. हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर टेकलेला, वर लाल मातीचा गिलावा. तो खरवडला तर खाली एक वायर सोललेली, तांबं चकचकतंय आणि सरळ ब्रॅकेटला लागलेलं. जोड, हीट श्रिंक, वरून कॉन्ड्युइट, नवी क्लॅम्प, सगळा खर्च फिश थाळीच्या आत. आणि काढलेले दोन चांगले सेन्सर डॅशवर फडक्यात गुंडाळून ठेवलेले!

खाणवाल्यांचं वेगळंच. २०१२ ला गोव्यातल्या खाणी थांबल्या, २०१८ ला परत थांबल्या, मशिनं वर्षानुवर्षं पावसात उभी. ती सुरू केल्यावर जे कोड आले त्यात पिनांवरचा हिरवा गंज किती आणि उंदरांचे दात किती, याचा हिशोब कुणी ठेवला नाही, सेन्सरची बिलं मात्र आहेत. आणि एक विनंती, सुई टोचून वायर तपासू नका. त्या भोकातून आपली खारी हवा आत जाते आणि तांबं काळं पडत जातं. प्लगच्या मागून पिन घाला.

हे बघा, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, नाटकाच्या तालमीची मंडळी आली, आणि गोव्यात तालमीपुढे व्याख्यानाचं काही चालत नाही. मूळ विषय पटापट घेतो.

दोन वायरीचा टेम्परेचर सेन्सर. प्लग काढा, कोडाचा दुसरा आकडा ३ यायला पाहिजे, म्हणजे व्होल्टेज वर. मग हार्नेसकडच्या दोन पिना जंपरने, म्हणजे वायरीच्या तुकड्याने, जोडा, ४ यायला पाहिजे. दोन्ही आले तर वायर आणि कंट्रोलर ठीक, आता खुशाल सेन्सर बदला. नाही आले तर दुकानात फोन करू नका. तीन वायरीच्या प्रेशर सेन्सरवर हा जंपर पाच व्होल्ट आणि अर्थमध्ये मारायचा नाही, शॉर्ट कराल. तिथे सप्लाय पाच आहे का, अर्थ पक्का आहे का, आणि सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये आहे का, एवढं बघा.

कंटिन्युइटीच्या बीपवर भरवसा नको, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. लोड टाकून, म्हणजे करंट वाहत असताना, व्होल्टेज ड्रॉप बघा, वाटेत किती व्होल्ट गळतात ते. कॅन लाइन, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन, असेल तर बॅटरी कट-ऑफ करून दोन वायरींमध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास पाहिजे, १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गेलाय किंवा मध्ये कुठेतरी लाइन तुटलीय. येणारा-जाणारा फॉल्ट असेल तर इंजिन गरम होऊ द्या, एकाने हार्नेस हलवायचा, दुसऱ्याने डिस्प्ले बघायचा.

आता प्रश्न विचारा, फक्त 'कुठल्या कंपनीचा सेन्सर चांगला' हा सोडून.