तोरिनोची गच्ची

श्रोतेहो, नमस्कार. इटलीतलं तोरिनो म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या जातकुळीचं शहर. ज्या फियाटच्या मागच्या सीटवर पाच-पाच जण कोंबून आपण लग्नांना गेलो, तिचं माहेर. तिथला लिंगोत्तो कारखाना 1982 मध्ये बंद पडला आणि 2006 मध्ये तोरिनो शहरात हिवाळी ऑलिम्पिक भरलं.

आमच्या शेजारचे एक काका पिंपरीला एका कंपनीत टेस्टिंगला होते. मुलगा तोरिनोत नोकरीला. त्यानं काकांना लिंगोत्तो दाखवायला नेलं. कारखाना पाचमजली. माल तळमजल्यावर आत यायचा, गाडी मजल्यामजल्यानं जुळत वर चढायची आणि तयार झाली की गच्चीवर पळायची. हो, गच्चीवरच टेस्ट ट्रॅक! आता खाली दुकानं, हॉटेल, सभागृह. लोक वर येतात ते फोटोपुरते. आमचे काका ट्रॅकच्या तिरक्या वळणावर उकिडवे बसले, काँक्रीटवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "वळणाचा उतार चोख आहे रे. पण पावसाचं पाणी कुठं काढलंय?" रखवालदार हटकायला आला. काका मराठीत, तो इटालियनमध्ये. मुलगा मधे पडला तेव्हा कळलं, रखवालदाराचे वडील याच कारखान्यात फिटर होते. मग काय, दोघं मिळून पाण्याची वाट शोधत निघाले आणि मुलगा तासभर कोट आवळून उभा! (आपल्याकडं गतिरोधक घालणाऱ्यांना या काकांपुढं एकदा उभं करायला हवं. एकाची उंची दुसऱ्याला लागत नाही. असो.)

तर मुद्दा. कारखाने गेलेलं तोरिनो शहर बदलायचा आराखडा 1995 चाच होता, रेल्वेचे रूळ जमिनीखाली घेण्यासकट. खेळांनी दिली ती तारीख. लक्षात घ्या, तारीख! खेळ 10 फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते, मेट्रो 4 फेब्रुवारीला धावली. तारीख नसली की काय होतं, ते पुणेकरांना मी काय सांगू? लिंगोत्तोशेजारी स्केटिंगसाठी बांधलेल्या 'ओव्हल'मध्ये पुढं प्रदर्शनं भरू लागली.

पण सगळंच असं कामी आलं नाही. जे शहरासाठी केलं ते वापरात राहिलं, जे फक्त बर्फासाठी केलं ते अंगावर आलं. डोंगरातल्या चेसानाला बॉबस्लेची, म्हणजे बर्फावरून सुसाट घसरणाऱ्या गाडीच्या शर्यतीची, घसरपट्टी बांधली, कोट्यवधी युरो ओतून. काही वर्षांत ती बंद. 2026 मध्ये हिवाळी ऑलिम्पिक पुन्हा इटलीत आलं, तेव्हा तिची डागडुजी न करता दुसरीकडं, कोर्तिना गावी नवी कोरी पट्टी बांधली. काकांना हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "जुनीचं भंगार कुणी उचललं?"